कोड स्वस्त झाला. आता महाग काय?

वाळूजच्या कारखान्यात काचेपासून ऑप्टिकल फायबर ओढला जातो आणि सिल्वासाजवळ राखोली व दादरा इथे त्याची केबल तयार होते. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजची ही साखळी. देशातल्या आणि परदेशातल्या टेलिकॉम कंपन्या ही केबल घेतात. दादरा-नगर हवेलीच्या याच औद्योगिक पट्ट्यात खडोली आहे. १९८०च्या दशकापासून विक्रीकर आणि आयकरातल्या सवलतींमुळे इथे कारखाने आले. सूत, प्लास्टिक, पॅकेजिंग, वायर आणि केबल ही इथली कामं. मूळ वस्ती वारली, कोकणा आणि धोडिया यांची. कारखान्यांत हात बिहार-उत्तर प्रदेशपासून पालघरपर्यंतचे. ज्या धाग्यावरून जगाचं सॉफ्टवेअर धावतं त्या धाग्याला इथे वेष्टण चढतं, पण सॉफ्टवेअर उद्योगासाठी हा भाग कधी ओळखला गेला नाही.

त्या उद्योगाची मराठीतली चर्चा बहुतेक वेळा हिंजवडी, खराडी आणि ऐरोलीतून होते. एआयने किती नोकऱ्या जाणार, हा त्या चर्चेतला पहिला आणि अनेकदा शेवटचा प्रश्न असतो. प्रश्न खराच आहे, त्याला बगल देता येणार नाही. पण गेल्या तीन-चार वर्षांत सॉफ्टवेअर लिहिण्याचा खर्च झपाट्याने उतरला असेल, तर ज्यांना ते आजवर परवडलंच नाही त्यांच्याकडेही पाहायला हवं. मला वाटतं, या उद्योगाची खालची पायरी खरोखर खचते आहे आणि नवी पायरी उभी राहायची असेल तर ती खडोलीसारख्या ठिकाणच्या कामातून उभी राहील. ती आपोआप मात्र उभी राहणार नाही.

आधी हा उद्योग कशावर जगला ते पाहू. टीसीएस १९६८ची. फकीरचंद कोहलींनी ती वाढवली. मुंबईत अंधेरीला १९७३ साली सीप्झ हे निर्यातीसाठीचं क्षेत्र आलं. १९७८मध्ये नरेंद्र पटनींची कंपनी सुरू झाली. तिथून बाहेर पडलेल्या नारायण मूर्ती आणि सहकाऱ्यांनी २ जुलै १९८१ रोजी इन्फोसिस स्थापन केली ती पुण्यात. १९८३मध्ये ती बंगळूरला गेली. १९८८मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि १९९१मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना १९९०मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या तीन शहरांत बंगळूर आणि भुवनेश्वरबरोबर पुणे होतं. त्याच वर्षी आनंद देशपांड्यांची पर्सिस्टंट आणि रवी पंडित, किशोर पाटील यांची केपीआयटी सुरू झाली. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात क्विक हीलचा अँटिव्हायरस घरोघरी पोहोचवला. क्विक हील हे आपल्या हाताने बनवलेलं, आपल्या नावाने विकलेलं उत्पादन होतं, म्हणून त्याचा उल्लेख इथे महत्त्वाचा. बाकीच्या उद्योगाचा मोठा हिस्सा माणसांचे तास विकून वाढला.

त्याचं गणित सोपं होतं. अमेरिकेतल्या बँकेला दहा माणसांचं काम हवं असे. दोन जण ऑनसाइट बसत, आठ जण पुण्यात. बिल माणशी, महिन्याचं किंवा तासाचं. वर थोडे अनुभवी, मध्ये काही मॅनेजर आणि खाली भरपूर फ्रेशर असा पिरॅमिड ठेवला की नफा निघे. कामाविना असलेली मुलं बेंचवर थांबत आणि प्रोजेक्ट आलं की बिलिंगला लागत. वायटूकेच्या वेळी जगभरातल्या जुन्या कोबोल प्रणालींत दोन आकडी वर्षं चार आकडी करून द्यायची होती. ते किचकट, कंटाळवाणं काम आपल्या मुलांनी चोख केलं आणि नंतर ग्राहकांनी त्यांना मोठी कामं दिली. या पिरॅमिडबद्दल आज कितीही बोललं गेलं, तरी लातूर, सांगली, जळगावच्या शिक्षकांची, तलाठ्यांची, एसटी कंडक्टरांची मुलं त्याच्या खालच्या थरातून चढत गेली. पहिल्या पगारातून बहिणीची फी भरली गेली, घराचं कर्ज फिटलं. मराठी मध्यमवर्गाच्या इतिहासात एवढ्या मोठ्या संख्येने, ओळखपाळख नसताना, केवळ परीक्षेच्या गुणांवर मिळालेली दुसरी वाट मला दिसत नाही.

माणसाऐवजी यंत्राने कोड लिहावा हे स्वप्नही नवं नाही, आणि ते पुण्यातही पाहिलं गेलं. टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था १९८१मध्ये पुण्यात सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी प्रणालीचं मॉडेल नीट मांडलं की त्यातून कोड तयार करणारी साधनं बनवली. टीसीएसचं ‘मास्टरक्राफ्ट’ त्यातूनच आलं. त्याही आधी, नव्या पिढीच्या भाषांमुळे प्रोग्रॅमर लागणारच नाहीत अशी भाकितं झाली होती. दर वेळी उलट घडलं. कोड लिहिणं सोपं झालं की लोकांनी आणखी सॉफ्टवेअर मागितलं आणि माणसं वाढली. आजही अनेक ज्येष्ठ अभियंते हाच अनुभव सांगून धीर देतात. तो अनुभव खरा आहे. पण या वेळच्या साधनांत एक फरक आहे. जुन्या साधनांना नेमकं, शिस्तबद्ध वर्णन द्यावं लागे आणि ते देणारा माणूस लागे. नव्या साधनांना मोडक्यातोडक्या वाक्यात सांगितलं तरी ती काहीतरी चालणारं समोर ठेवतात. म्हणजे पूर्वी नवशिक्याला देत असू नेमकं तेच काम आता यंत्राकडे जातं.

या बदलाच्या मुळाशी २०१७मध्ये गूगलच्या आठ संशोधकांनी मांडलेली ट्रान्सफॉर्मर ही रचना आहे. त्या आठांत आशिष वासवानी होते आणि निकी परमार होत्या. निकी परमार पुण्याच्या पीआयसीटीमधून अभियंता झाल्या. धनकवडीच्या त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण ‘आपण फक्त इतरांची कामं करतो’ हा न्यूनगंड आपल्याकडे खोल रुतला आहे. २०२१च्या जूनमध्ये गिटहबचा कोड सुचवणारा कोपायलट चाचणीसाठी आला, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी. फेब्रुवारी २०२५मध्ये एआय संशोधक आंद्रेय कारपथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द वापरला आणि कोडची ओळही न वाचता सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीला नाव मिळालं.

या साधनांनी काम खरंच किती वेगाने होतं? इथे आकडे एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण नीट समजून घेण्यासारखं आहे. कोपायलटवर २०२२मध्ये झालेल्या एका प्रयोगात, एक छोटा वेब सर्व्हर लिहिण्याचं काम ही मदत घेणाऱ्यांनी ५५.८ टक्के कमी वेळात केलं. जुलै २०२५मध्ये मेटर या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स अभियंत्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या ओळखीच्या, मोठ्या आणि जुन्या कोडवर काम करताना एआय वापरणाऱ्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के वेगाने काम केलं असंच वाटत होतं. गूगलच्या डोरा या गटाच्या २०२४च्या अहवालाचा अंदाज असा, की एआयचा वापर २५ टक्क्यांनी वाढला तर सॉफ्टवेअरमधले बदल बिनबोभाट लागू होण्याचं प्रमाण सुमारे ७.२ टक्क्यांनी घटतं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५च्या पाहणीत ८४ टक्के लोक ही साधनं वापरत होते किंवा वापरणार होते, आणि ४६ टक्क्यांचा त्यांच्या उत्तरांच्या अचूकतेवर विश्वास नव्हता.

हे सगळं एकत्र वाचलं तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. काम नवं, छोटं आणि सुटं असेल तर एआयने मोठा वेळ वाचतो. काम जुन्या, गुंतलेल्या प्रणालीत असेल आणि तिची खोड फक्त करणाऱ्यालाच माहीत असेल, तर फायदा कमी होतो किंवा तोटाही होतो. मेटरचा अभ्यास लहान आहे आणि साधनं त्यानंतर सुधारली आहेत, त्यामुळे १९ टक्क्यांचा तो आकडा काळ्या दगडावरची रेघ मानू नये. पण आपण भराभर काम करतो आहोत हा भास आणि प्रत्यक्ष वेग यांतली तफावत मला फार गंभीर वाटते. वरिष्ठांनी डेडलाइन ठरवताना हा भासच खरा धरला, तर रात्री जागणारी मुलं तीच राहतील आणि चुका वाढतील.

कोड लिहिणं हा सॉफ्टवेअरच्या कामाचा कधीच मोठा भाग नव्हता. ग्राहकाला नक्की काय हवं आहे ते समजून घेणं, दुसऱ्याने लिहिलेलं वाचणं, तपासणं, प्रॉडक्शनमध्ये टाकणं, रात्री दोनला बंद पडलं की दुरुस्त करणं यात बहुतेक वेळ जातो. एआयने यातली एक पायरी प्रचंड स्वस्त केली. त्यामुळे ताण पुढच्या पायरीवर गेला. पूर्वी दिवसाला दोनशे ओळी तपासायच्या असत, आता दोन हजार येतात. तपासणारा माणूस मात्र तोच आहे.

आता नोकऱ्यांचा मुद्दा. नॅसकॉमच्या आकड्यांनुसार २०२४-२५मध्ये भारतीय तंत्रज्ञान उद्योगाची उलाढाल सुमारे २८२ अब्ज डॉलर होती आणि त्यात ५८ लाख माणसं होती. वर्षभरात भर पडली सव्वा लाखांच्या आसपास. उलाढाल वाढते आहे, पण पूर्वी तिच्याबरोबर जेवढी माणसं वाढत तेवढी आता वाढत नाहीत. जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून थोडी अधिक माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. तेव्हा कंपनीत सहा लाख तेरा हजार लोक होते. एआयमुळे उत्पादकता वाढली म्हणून ही कपात नाही, कौशल्य आणि काम जुळत नाही म्हणून आहे, असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं. कपातीचा रोख मधल्या आणि वरच्या फळीवर होता. आयटी कर्मचाऱ्यांच्या नाइट्स या संघटनेने पुण्यातल्या कर्मचाऱ्यांवर राजीनाम्यासाठी दबाव येत असल्याची तक्रार सरकारकडे केली. कंपनीने ती नाकारली. चाळिशीतल्या, गृहकर्ज डोक्यावर असलेल्या मॅनेजरची भीती या वादात उघडपणे ऐकू आली.

पण मला जास्त काळजी वाटते ती बावीस वर्षांच्या मुलांची. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेतली पगारपत्रकं तपासली. २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या नोकऱ्या २०२२च्या अखेरच्या उच्चांकापेक्षा जवळपास वीस टक्क्यांनी घटल्या होत्या, तर त्याच क्षेत्रातल्या मोठ्या वयाच्या लोकांच्या तशा घटल्या नव्हत्या. अमेरिकेतलं जसंच्या तसं इथे लागू होईल असं नाही. पण आपल्या कंपन्यांचा पिरॅमिड त्याच अमेरिकी ग्राहकांच्या पैशांवर उभा आहे. ग्राहक आता विचारतो, की एआयने तुमचा वेळ वाचत असेल तर बिल कमी का होत नाही? तासांऐवजी निकालावर पैसे ठरू लागले, की फ्रेशरला बेंचवर बसवून शिकवण्याचा खर्च कोणालाच नको असतो. फ्रेशरचं पॅकेज तर दीड दशक तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच अडकलेलं आहे. आणि इकडे आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत मेकॅनिकल, सिव्हिलच्या जागा ओस पडतात आणि कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्सच्या तुकड्या वाढतात. पालक कर्ज काढतात ते कालच्या बाजारभावावर.

दुसरीकडे काही वाटा रुंद होत आहेत. परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, २०२३-२४मध्ये भारतात सतराशेच्या वर होती आणि त्यांत एकोणीस लाख लोक होते. पुणे त्यांचं मोठं ठिकाण आहे. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, त्यानंतर काम इथेच करून घेण्याचं कारण आणखी वाढलं. केपीआयटीसारखी कंपनी गाडीच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिते. ते लिहायला ब्रेक आणि बॅटरी दोन्ही कळावी लागतात. अशा ठिकाणी नुसता कोडर चालत नाही, पण गाडी कळणाऱ्याला चांगले दिवस आहेत.

बाकीच्या ‘नव्या’ तंत्रज्ञानांबद्दल थोडक्यात. क्लाउड आता नवा राहिला नाही. मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं डेटा सेंटर २०१५चं, अॅमेझॉनचं मुंबईतलं २०१६चं. क्लाउडने छोट्या कंपनीला स्वतःचा सर्व्हर घेण्याच्या खर्चातून सोडवलं आणि सगळ्यांना मोजक्या कंपन्यांवर अवलंबून ठेवलं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ब्लॉकचेनचा गाजावाजा बराच ओसरला. २०२२मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत ६५ हजार जातप्रमाणपत्रं ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा प्रकल्प झाला. कल्पना स्तुत्य, पण ते काम साध्या डिजिटल सहीनेही भागलं असतं असं माझं मत. मेटाव्हर्सबद्दल लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. क्वांटमसाठी केंद्राने एप्रिल २०२३मध्ये सहा हजार कोटींचं मिशन मंजूर केलं; सामान्य सॉफ्टवेअर कंपनीच्या रोजच्या कामाला त्याचा स्पर्श व्हायला वेळ आहे.

जबाबदारीचा प्रश्न मात्र आजचा आहे. जुलै २०२५मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एआय एजंटने, बदल करू नकोस असं बजावलेलं असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. माणसाच्या हातूनही अशा चुका होतात, पण माणसाला समोर बसवून विचारता येतं. आपल्याकडे सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. कळवणाऱ्याला निदान आपल्या प्रणालीत काय लिहिलं आहे ते ठाऊक असायला हवं. कोणीच न वाचलेला कोड चालवणाऱ्या कंपनीला सहा तासांत काय सांगता येणार? म्हणून ‘आम्ही एआयने दुप्पट वेगाने बनवतो’ असं सांगणाऱ्या कंपनीला ग्राहकाने पहिला प्रश्न विचारावा, की हे तपासलं कोणी आणि सही कोणाची?

आता परत खडोलीला येऊ. या भागात सॉफ्टवेअर शिरलं ते करांच्या वाटेने. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, १ एप्रिल २०१८पासून राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागू झालं, आणि १ ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस. इतर ठिकाणी काही खेपाच राज्याबाहेर जातात. इथे मात्र ट्रक वापीला गेला की गुजरात, तलासरीकडे वळला की महाराष्ट्र; जवळजवळ प्रत्येक विक्री सीमा ओलांडूनच होते. ज्या अकाउंटंटने आयुष्यभर कीर्द लिहिली त्याला टॅली आणि पोर्टल शिकावंच लागलं. तो शिकला. नियमाने भाग पाडलं आणि साधन परवडणारं होतं, तेव्हा लहान कारखान्याने सॉफ्टवेअर स्वीकारलं.

पण कारखान्याच्या आतलं काम? सुताचं उदाहरण घेतो, कारण सिल्वासाचा परिसर त्यासाठी ओळखला जातो. लहान युनिट पीओवाय, म्हणजे अर्धवट ओढलेलं सूत, विकत घेतं आणि टेक्श्चरायझिंग मशीनवर त्याचं डीटीवाय, म्हणजे ओढून पोत दिलेलं सूत, करतं. एका मशीनला दोनशेच्या वर जागा, प्रत्येकीवर बॉबिन. प्रत्येक खोक्यावर डेनिअर, लस्टर, लॉट आणि मर्ज नंबर, म्हणजे एकत्र वापरता येणाऱ्या सुताच्या गटाचा क्रमांक. दोन वेगळ्या मर्जचं सूत मिसळलं तर डोळ्याला फरक दिसत नाही. भिवंडीला किंवा सुरतेला ते विणून रंगवलं की कापडावर पट्टे उमटतात आणि माल परत येतो. म्हणून सुताची नळी विणून, रंगवून ग्रेड ठरवतात. हे सगळं सांभाळणारं, त्या एका कारखान्याच्या पद्धतीने चालणारं सॉफ्टवेअर मोठ्या गिरणीत असतं. पाच-सात मशीनच्या युनिटला ते परवडलं नाही. पुण्यातल्या कंपनीला एवढं लहान काम घेणं परवडलं नाही. म्हणून ती माहिती रजिस्टरात, एक्सेलच्या फायलीत आणि सुपरवायझरच्या डोक्यात राहिली.

कोड स्वस्त झाल्याचा खरा अर्थ मला इथे दिसतो. दोन-तीन हुशार मुलं, महिनाभराचं काम आणि एआयची मदत एवढ्यात अशा युनिटला मर्जची चूक आधीच पकडणारी, मोबाइलवर चालणारी प्रणाली मिळू शकते. तिचा कोड एआय लिहील. पण या कारखान्यात मर्ज कसे सांभाळतात, रात्रपाळीत खोकी कुठे बदलतात, ऑपरेटर घाईत कोणता रकाना रिकामा सोडतो, हे कोणत्याही मॉडेलला ठाऊक नाही. ते शॉप-फ्लोअरवर उभं राहूनच कळतं. आणि चूक झाली तर ट्रक परत येतो, त्यामुळे तपासण्याची सवयही इथे कळकळीने लागते. पर्सिस्टंट आणि केपीआयटी जगाच्या ग्राहकांकडे पाहून उभ्या राहिल्या. भिवंडी, इचलकरंजी, तारापूर, सिल्वासा यांच्याकडे पाहून उभ्या राहिलेल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या आपल्याकडे फार थोड्या आहेत. काटकर बंधूंनी तसंच केलं होतं: जवळच्या माणसाची रोजची अडचण घेतली आणि तिच्यावर उत्पादन बनवलं.

या कामात भाषा आड येते, आणि इथे काही चांगलं घडतं आहे. भारतीय भाषांतल्या भाषांतरासाठीची सरकारी योजना ‘भाषिणी’ जुलै २०२२मध्ये सुरू झाली. पुण्याच्या एलथ्रीक्यूबने त्याच वर्षी सुमारे अडीच कोटी मराठी वाक्यांचा संग्रह खुला केला. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली ‘भारतजेन’ भारतीय भाषांची मॉडेलं बनवतं आहे. केंद्राच्या आदिवासी व्यवहार मंत्रालयाने १ सप्टेंबर २०२५ला ‘आदिवाणी’ हे भाषांतराचं साधन आणलं. त्यात सुरुवातीला संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी आहेत. वारली नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलली जाणारी, आपल्या चित्रांमुळे जगभर पोहोचलेल्या समाजाची ही भाषा. मशीन बंद करण्याची सूचना वारली कामगाराला त्याच्या बोलीत ऐकू आली, तर एखादं बोट वाचेल. हे काम बाजार करणार नाही; सरकारने, विद्यापीठांनी आणि पालघर-सिल्वासातल्या शिक्षकांनी मिळून करायला हवं.

यंत्रांची ताकद हा अडथळा आता तितका मोठा नाही. मार्च २०२४मध्ये मंजूर झालेल्या, दहा हजार कोटींहून मोठ्या इंडियाएआय मिशनमधून महागडे जीपीयू तासाला सुमारे ६५ रुपयांत मिळतात. कमतरता आहे ती शिकवण्यात. आपल्या कॉलेजांत मुलांना कोड लिहायला शिकवतात; दुसऱ्याचा कोड वाचायला, त्यातली चूक शोधायला, तपासण्या लिहायला क्वचितच शिकवतात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बहुतेक ठिकाणी लायब्ररी मॅनेजमेंट किंवा हजेरीपट असतो, आणि अनेकदा विकत आणलेला. एआयने असा प्रोजेक्ट पाच मिनिटांत होतो, म्हणजे त्याची किंमत आता शून्य झाली. परीक्षा बदलावी लागेल: मुलाला तीनशे ओळींचा सदोष कोड द्या आणि चुका शोधायला सांगा. कंपन्यांनीही फ्रेशर घेणं थांबवू नये. आज बावीस वर्षांच्या मुलांना शिकवलं नाही, तर दहा वर्षांनी एआयचं काम तपासणारे ज्येष्ठ येणार कुठून? प्रत्येक मोठ्या कंपनीने ठरावीक संख्येने फ्रेशर घ्यावेत आणि त्यांना रिव्ह्यूच्या कामावर ज्येष्ठांच्या शेजारी बसवावं. त्याचा खर्च नफ्यातून जाईल, तो जावा.

दादरा-नगर हवेलीतही कराड नावाचं गाव आहे, सातारा जिल्ह्यातलं नव्हे. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं सरकारी तंत्रनिकेतन आहे. याच केंद्रशासित प्रदेशात दीवला आयआयआयटी वडोदऱ्याचं केंद्र आहे. शिकणारी मुलं इथे आहेत, अडलेलं कामही इथेच आहे. खडोली आणि आसपासच्या कारखानदारांना माझी विनंती आहे: येत्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या चार मुलांना तीन महिने शॉप-फ्लोअरवर येऊ द्या, तुमचं रजिस्टर त्यांच्यासमोर उघडा आणि त्यांनी बनवलेलं साधन चाललं तर त्याचे रीतसर पैसे द्या.